कुत्र्याच्या वाट्याचे दोन कट्टे

आमचा तांबडा कुत्रा माझ्यामुळे मेला. गावात मी हे कधी कबूल केलं नाही. "काहीतरी खाल्लं असेल," असंच सांगत राहिलो.

त्याला खरूज झाली होती. आमच्याकडे बैलाच्या जखमेवर ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल लावतात, म्हणजे माशा बसत नाहीत. पण ती जखम बोटभर असते. मी कुत्र्याला कानापासून शेपटीपर्यंत चोपडलं. दिवसभर तो अंग चाटत बसला आणि संध्याकाळी ओकू लागला. सानगडीचा जनावरांचा दवाखाना मला माहीत होता, बैल तिथं कितीदा नेले होते. पण कुत्र्याला मोटारसायकलवर मांडीवर घेऊन बाजारातून जायची लाज वाटली. दोन दिवस 'उद्या बघू' म्हणालो. तिसऱ्या सकाळी तो गोठ्यात मरून पडलेला माझ्या मुलीला दिसला. शेजारीच ऑइलचा डबा होता.

"बाबा, आता दुसरा कुत्रा आणू नोका," एवढंच ती म्हणाली.

दोन वर्षं आणला नाही. यंदा दिवाळीनंतर शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली. मुलगी रोज पाहून यायची आणि घरी काही बोलायची नाही. मी ठरवलं, आधी डॉक्टर, मग पिल्लू.

रिकाम्या हातानं दवाखान्यात गेलो.

"जनावर कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून आणलं नाही, साहेब."

तिथला शिपाई हसला. "बिमार पडाच्या आधीच आले काय, भाऊ?"

मी सगळं सांगितलं, ऑइलसकट. पहिल्यांदाच. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर लिहून दिलं: जंताचं औषध, पिल्लाच्या लसी, दरवर्षी रेबीजची लस. मादी असेल तर ऑपरेशन, त्याला भंडाऱ्याला जावं लागेल. मग म्हणाले, "अचानक आजारी पडलं तर पैसे तेव्हा शोधू नका. पुन्हा उद्यावर जाईल."

नगद पैसा आमच्या घरात टिकत नाही. पण धानाची चुरणी होऊन दाणा घरात आला की लोहाराचा आणि न्हाव्याचा वाटा आधी बाजूला निघतो, आणि कितीही अडचण आली तरी त्याला घरचं कोणी हात लावत नाही. यंदा त्या वाट्यांशेजारी मी आणखी दोन पोती धान ठेवलं, दोन कट्टे.

"हे कोणाचे?" बायकोनं विचारलं.

"कुत्र्याचे."

"आन् कुत्रा कुठी हाये?"

"येऊन राहिला."

"मामंजी असते तं तुमालेच गोठ्यात बांधलं असतं!" ती म्हणाली. पण चुन्यानं कट्ट्यांवर खूण तिनंच केली.

मग मुलीसमोर बसलो. ते दोन दिवस मी का गेलो नाही, तेही सांगितलं. ती हो म्हणाली तरच पिल्लू येईल, असं म्हणालो. तिनं कागद नीट वाचला.

"डॉक्टरचा नंबर घेतला काय?"

"घेतला."

"आन् आता लाज नाही वाटन?"

"वाटन. पण जाईन."

ती उठली आणि पिल्लू घेऊन आली. मादी होती.

महिन्याभरात पिल्लाच्या कानामागचे केस गेले. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "ऑइल देऊ काय? डबाभर पडलं हाये." माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"नोको," मी म्हणालो, आणि मोटारसायकल बाहेर काढली.

बायकोनं घरखर्चाच्या डब्यातले पैसे हातात ठेवले. "तुमी जा. कुत्र्याचा एक कट्टा मी दुकानात विकाले पाठवते."

नेमका सानगडीचा बाजार होता. पिल्लू मांडीवर, माझा एक हात त्याच्या पोटावर. भाजीच्या दुकानांमधून हळूहळू जावं लागलं. ओळखीचा एक जण ओरडलाच, "काहून भाऊ, बैल आटून एवढासा झाला काय?"

सगळे हसले. माझे कान तापले.

"दवाखान्यात चाललो," मी मोठ्यानं सांगितलं. "खरूज झाली हाये तिले." आणि गाडी थांबवली नाही.