हजेरीच्या सकाळी गाडीत

पुण्याला विद्यापीठात मी जत्रा, जत्रेतलं संगीत आणि तिथं बायकांना मिळणारी जागा हा विषय शिकवते. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी गावांत तमाशा बघायला एकटी गेले आहे. तिथं 'म्याडम' म्हणून पुढची खुर्ची मिळायची. माझं सासर पिंपरी पेंढारचं. तिथल्या यात्रेत मात्र मी कधीच तमाशाला बसले नव्हते.

त्या वर्षी ठरवलं, हजेरी ऐकायचीच. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फड पुन्हा गावापुढं उभा राहतो, ती हजेरी. सासरे यात्रा कमिटीत. विचारलं, तर त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बाहेर तू म्याडम," ते म्हणाले, "हितं सून. ऐकायचंच आसंल तर गाडीत बसून ऐक."

धाकट्या दिरानं स्टेजच्या कडेला जीप लावली, काचा चढवल्या. "वहिनी, खाली उतरू नका हां," म्हणून किल्ली घेऊन गर्दीत गेला. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

ढोलकी कडाडली. बघता बघता माणसं जीपला टेकून उभी राहिली. चैत्रातलं ऊन आणि काचा बंद. गावातल्या एका चुलत दिरानं मला पाहिलं. मी कुणाला दिसू नये म्हणून खिडकीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या सदऱ्यापलीकडं मलाही काही दिसेना.

गवळण चालू होती. मावशीचं सोंग घेतलेला पुरुष काहीतरी बोलला, मैदान हसून लोळलं. या मावशीवर मी वर्गात भरभरून बोलते. आता नुसती घाम पुसत होते.

मागच्या कनातीतून एक नाचणारी बाई बाहेर आली. पायात चाळ. तिनं जीपचं पलीकडचं, कनातीच्या बाजूचं दार ओढून उघडलं.

"ताई, कोंडलंय का तुमाला कुणी?"

"नाही. घरचेच आहेत सगळे."

ती हसली. "आमाला बी गावात फिरू नका म्हणत्यात. या, पाणी प्या."

मी उतरले. कनातीत एका ट्रंकेवर बसून पाणी प्यायले. कुणी वेणी घालत होती, कुणी लेकराला पाजत होती. ढोलकी इतकी जवळ, की छातीत वाजत होती. इथून उठूच नये असं वाटलं. तेवढ्यात धाकटा दीर आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"वहिनी, वडलांनी पायलं तर? चला राव."

मी उठले. गावातली माणसं 'सून आहे' म्हणून बाजूला होऊन वाट देत होती, ते जास्त लागलं.

घरी सासरे रागावले नाहीत. जेवून परत कमिटीच्या माणसांत गेले. संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात जवळ सरकल्या.

"कशा गं दिसत्यात त्या? लगीन झाल्यापासून मी नुसती ढोलकी ऐकतीय घरातनं."

मी सांगितलं, रेकॉर्डिंग लावलं. "बारीक कर, बारीक," त्या दाराकडं बघत म्हणाल्या. शिट्ट्यांतून गाणं शोधत दोघी वाकून ऐकत राहिलो.

पुढच्या वर्षी हजेरीच्या सकाळी सासऱ्यांनी स्वतः गाडी बोलावली. "सासूला ओझरला गणपतीच्या दर्शनाला घिऊन जा," म्हणाले. मी 'नको' म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

वाटेत सासूबाई म्हणाल्या, "हजेरीसाठी सुट्टी काढून आलीस, अन् चाललीस कुठं!" मग त्यांनी तोंड फिरवलं आणि ओझर येईपर्यंत बाहेरच बघत राहिल्या.