मामांचा खारा खड्डा

माझ्या मामेसासऱ्यांइतका मातीवर विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या तापीकाठी झाला नसेल, आणि शेतीतलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरुणपणी ते जिनिंगच्या कारखान्यात इंजिनावर होते. तिथून सुटल्यावर कोरीटला आमच्याकडे, म्हणजे बहिणीकडे, राहायला आले आणि विहिरीवरच्या इंजिनाला डायनामो जोडून त्यांनी घरात दिवे लावले. तेव्हापासून विजेपेक्षा त्यांना जमिनीचीच काळजी. वाट चुकलेल्या विजेला जमिनीत जायला सरळ रस्ता हवा, म्हणून परसात त्यांनी तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा नि मीठ भरलं आणि रोज संध्याकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतू लागले. वीज असली तर हात चिकटू नये, आपसूक मागे झटकला जावा, म्हणून लोखंडाला आधी पालथा हात लावायचा हा त्यांचा नियम. नव्या जावयाची ट्रंकसुद्धा त्यांनी तशीच तपासली. पाय दुखले की त्या ओल्या खड्ड्यात पाय रोवून बसत. त्याने गुडघे बरे होतात हे त्यांचं स्वतःचं शास्त्र. गुडघे शेवटपर्यंत दुखतच राहिले.

मीठ अर्थात स्वयंपाकघरातून जाई. सासूबाई ओरडत, "भाऊ, मीठ भाजीमा टाकानं का खड्डामा?" मामा शांतपणे सांगत, "अक्का, भाजी अळणी चालई, खड्डा अळणी चालाव नही."

पुढे घरातूनच तार ओढून गोठ्यात दिवा आला, आणि माझ्या माहेराहून, ब्राह्मणपुरीहून आलेली म्हैस बिघडली. संध्याकाळी पाण्याला तोंड लावीना, धार काढताना लाथा झाडी, दूध आटत चाललं. सासूबाईंनी दृष्ट काढली, मिरच्या ओवाळल्या आणि निकाल दिला, "डोया लागना तिले. येता बजारमा इकी टाका." म्हैस गेली असती, टोमणे मात्र माझ्यापाशी राहिले असते. मामा गोठ्यात बाज टाकून म्हशीकडे बघत बसले, मग म्हणाले, "अक्का, सकायले पानी पेस, दिवा लागना की तोंड फिरावस. डोया काय फक्त सांजलेच लागस का?" जोडे काढून ते ओल्या जमिनीवर उभे राहिले, पाण्याच्या लोखंडी टाकीला पालथा हात लावला आणि आनंदाने उडालेच. "अक्का, तू बी लाव." सासूबाईंनी लावला. "मन्ही माय वं!" करत त्या दारापर्यंत गेल्या. मामा म्हणाले, "आते तुले बी डोया लागना का?"

तार छपराच्या पत्र्याला घासून सोलली होती आणि टाकी छपराच्याच खांबाला साखळीने बांधलेली. मामांनी तार बदलली. छप्पर, खांब, टाकी जाड तारेने एकत्र जोडली आणि ती तार गोठ्याशेजारी खणलेल्या दुसऱ्या खड्ड्यात नेली. "घरनी माती घरपुरती. गोठाले त्यानी माती जोयजे." त्या संध्याकाळी म्हशीने टाकीचा तळ दाखवला. बाजाराचं नाव पुन्हा निघालं नाही. मिठाची ओरड मात्र चालूच राहिली, आता दोन खड्ड्यांची.

मामा गेले ते ऐन उन्हाळ्यात. दिवस होऊन पाहुणे पांगले. संध्याकाळी मी चुलीपाशी होते, सासूबाई आल्या, बरणीतलं उरलेलं सगळं मीठ ओंजळीत घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तांब्या ली ये वं. भाऊना खड्डा सुकाई गया व्हई."

भाजी त्या रात्री अळणी झाली.