बंदरकाकांची तीनशे बारा पुस्तकं

ग्रंथालयात तिला सगळे सूचीबाई म्हणायचे. आलेल्या पुस्तकाला क्रमांक द्यायचा, विषय ठरवायचा, सूचीत नोंद करायची, हेच काम तिनं उभ्या आयुष्यात केलं. लग्न केलं नाही. घरी आई होती आणि आईचा दमा होता. सहकारी थट्टेनं म्हणत, "सूचीबाई स्वर्गात गेली तरी आधी विचारेल, इथल्या नोंदी कोण ठेवतं?" तीही त्यांच्याबरोबर हसायची.

बंदरकाका आले ते अकरा खोकी घेऊनच. बंदरावर चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला हा किडकिडीत माणूस. जहाजांचे कागद तपासता तपासता त्यांना एक वेड लागलं होतं. सहा-सातशे वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या दूरदूरच्या शहरांतले व्यापारी एकत्र येऊन संघ बांधत. चाच्यांच्या भीतीनं जहाजं तांड्यानं हाकारत, परक्या गावात एका आवारात राहत, शब्द मोडणाऱ्या शहराला संघाबाहेर काढत. या संघांवरचं मिळेल ते पुस्तक काकांनी जमवलं होतं. तीनशे बारा पुस्तकं!

"घरात आता मला झोपायला जागा नाही," ते म्हणाले. "सूनबाई काही बोलत नाही, पण कपाटाला अडखळली की माझ्याकडे बघते. बाई, तुम्ही ठेवून घ्या. फक्त यांची ताटातूट करू नका."

"नाही करणार काका. माझा शब्द."

त्या पुस्तकांची सूची करायला दोघांना दोन वर्षं लागली. दर बुधवारी दहाच्या ठोक्याला काका हजर. हे कुठे सापडलं, याचा नकाशा कसा चुकलाय, ते सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. हळूहळू तिलाही गोडी लागली. सख्ख्या मावसभावांच्या मुलांची नावं तिला आठवत नसत, पण कुठलं शहर कुठल्या साली संघातून फुटलं ते तोंडपाठ होतं. सूची संपली तरी बुधवार काही सुटला नाही. काका यायचे, तळघरातल्या आपल्या चार कपाटांपुढे स्टूल ओढून बसायचे, एखादं पुस्तक काढून भिंगातून वाचायचे. तिला वडील आठवत नव्हते. बुधवारी मात्र ती दोन डबे घेऊन यायची.

एका शुक्रवारी संध्याकाळी तिला त्या कपाटांच्या वर, छताला, ताटाएवढा ओला डाग दिसला. तिनं व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहिली. "सोमवारी माणूस पाठवतो," ते म्हणाले. पुस्तकं आत्ताच हलवावीत असं तिच्या मनात आलं. दोन तासांचं काम होतं. पण आईला धाप लागल्याचा शेजारणीचा फोन आला होता, आणि तिनं कुलूप लावलं.

शनिवारी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. ग्रंथालयाला सुट्टी होती. सोमवारी तिनं तळघराचं दार उघडलं तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. कपाटांच्या वरून अजून थेंब पडत होते.

ती लगेच कामाला लागली. पंखे लावले, टीपकागदाची रिमं फोडली, पानापानात कागद घालत गेली. आठ दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. जुनी, जाड कागदाची पुस्तकं तगली. गुळगुळीत कागदाची चिकटून विटांसारखी झाली. कापडी बांधणीचा लाल रंग पानांत उतरला. मग बुरशी आली. चौऱ्याहत्तर पुस्तकं वाचली. बाकीची तिनं स्वतःच्या हातानं पोत्यांत भरली, कारण दुसऱ्या कुणी ती फेकलेली तिला बघवली नसती.

हे सगळं चालू असतानाच, पहिल्याच बुधवारी काका आले. तिनं त्यांना जिन्यातच गाठलं.

"काका, तळघराची दुरुस्ती चाललीय. आज वरच बसा. काय हवं ते आणून देते."

त्यांनी बचावलेल्या पुस्तकांपैकीच एक मागितलं, आणि तिच्या जिवात जीव आला. पुढच्या बुधवारी मागितलं ते मिळालं नाही. "बांधणीला गेलंय," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी एक बांधणीला गेलं. पाचव्या बुधवारी काका हसून म्हणाले, "बाई, तुमचा बांधणीवाला माझ्याहून म्हातारा दिसतोय." आणि त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तीनशे बारा पुस्तकांवरची त्यांची टिपणं होती, चाळीस वर्षांची. "हीसुद्धा त्यांच्याजवळ ठेवा. आता डोळे साथ देत नाहीत."

वही हातात घेतली आणि तिला खोटं बोलवेना.

तिनं सगळं सांगितलं. डाग, चिठ्ठी, आई, कुलूप. काकांनी शेवटी विचारलं, "किती राहिली?"

"चौऱ्याहत्तर."

त्यांनी टोपी उचलली, वही तिच्याच हातात राहू दिली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्यापुढच्याही नाही. महिन्याभरानं ती त्यांच्या घरी गेली. सुनेनं दार उघडलं.

"कोण आलंय गं?" आतून काकांचा आवाज आला.

"ग्रंथालयातल्या बाई आल्यात."

मग तोच आवाज, स्वच्छ, शांत. "मी झोपलोय म्हणून सांग."

सुनेची मान खाली गेली. "झोपलेत," ती पुटपुटली. सूचीबाई "बरं" म्हणाली आणि परतली. रस्ताभर ते एक वाक्य तिच्या कानात घुमत राहिलं. तेव्हापासून तिला झोप नीट लागली नाही.

थंडी संपता संपता काका गेले. ती कळल्यावर भेटायला गेली, तर सून म्हणाली, "तुमच्यावर राग नव्हता हो त्यांचा. तुमच्यासमोर रडू येईल म्हणून भेटले नाहीत." हे खरं होतं की सुनेचं मन मोठं होतं, ते सूचीबाईला कधीच कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

काकांची वही घेऊन तिनं गेलेल्या एकेका पुस्तकाचा माग काढायला सुरुवात केली. विद्यापीठांना, दुसऱ्या ग्रंथालयांना, परदेशातल्या संग्रहांना पत्रं लिहिली. कुणी छायाप्रत पाठवली, कुणी संगणकावर पानं धाडली, कुणी नुसतं कळवलं की आमच्याकडे आहे, इथे येऊन बघा. या कामात सहा वर्षं गेली. त्यातच आईही गेली. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात त्या व्यापारी संघांवरच्या साधनांची छोटी पुस्तिका छापून झाली. कुठलं पुस्तक कुठे मिळेल, त्यात काय आहे, काकांचं त्यावर मत काय, सगळं त्यात होतं. एक प्रत तिनं सुनेला नेऊन दिली.

सुनेनं पहिल्या पानावर सासऱ्यांचं नाव वाचलं, पानं उलटली. "तुमचं नाव कुठे दिसत नाही?"

"सूची करणाऱ्याचं नसतं," ती म्हणाली.

अठ्ठ्याऐंशी पुस्तकं अजून कुठेच सापडलेली नाहीत. निवृत्तीनंतरही ती घरून पत्रं लिहिते. परवाच एक उत्तर आलं, दोन ओळींचं. असं पुस्तक आमच्या संग्रहात नाही, क्षमस्व. तिनं ते वहीत लावून ठेवलं आणि पुढच्या ग्रंथालयाचा पत्ता शोधायला घेतला.