खोडरबरवाले नाना

नानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसायचं, खोडरबर मात्र कायम असायचं. साठीला टेकलेला माणूस, आणि खिशात शाळेतल्या पोरांचं असतं तसलं पांढरं खोडरबर. नवखा माणूस त्यांना चित्रकलेचे मास्तर समजायचा. खरं तर नानांनी निम्मं आयुष्य विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवलं होतं. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, तसे ते त्यात शिरले. कुणी शिकवलं नाही. ओतूरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं दुकान होतं, त्याला पाटीसुद्धा नव्हती. कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांना सोनेरी दात असतात, त्यांच्यावर हवेनं काळपट थर चढतो. नाना कार्ड उपसायचे, ते दात खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचे आणि कार्ड परत बसवायचे. अर्धे आजार तेवढ्यानंच बरे व्हायचे.

मी पिंपरी पेंढारला घरीच लग्नपत्रिका आणि लग्नाचे अल्बम करते. बारा वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत माझा पडदा काळा झाला. आत पंखे फिरत होते, पेटीवरचा दिवा लागलेला होता, चित्र तेवढं नव्हतं. दीर म्हणाले, भंगारात द्या. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदारानं पेटी न उघडताच सगळंच गेलंय म्हणून सांगितलं. मी रडून घेतलं, पेटी मांडीवर घेतली आणि दिरांच्या मोटरसायकलवर मागे बसून ओतूर गाठलं. नानांनी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला आणि कॅप्स लॉकचं बटण दाबायला सांगितलं. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला. परत दाबलं, विझला.

"लागला न्हवं? मंग आतलं मशिन जितं हाय," नाना म्हणाले. "तुमचं समदं ऐकतंय. त्याला फक्त दाखवता येईना. पडदा काळा म्हंजी मशिन मेलं आसं न्हाई, ताई. आधी इचारायचं."

चित्र तयार करून पडद्याकडे पाठवणारं कार्ड वेगळं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या कार्डाचे दात मळले होते. खोडरबर फिरलं आणि नवरा-नवरी पडद्यावर परत आले.

इचारायचं म्हणजे नाना खरंच विचारायचे. मशिनला आणि माणसालाही. शेवटचं कधी चाललं, त्या दिवशी लाईट किती वेळा गेली, जळका वास आला का, झाडलोट कुणी केली, शेजारी कांद्याची वखार आहे का. गिऱ्हाईक वैतागायचं. नाना आपले एकेक चांगली वस्तू बाजूला काढत राहायचे. पडदा चांगला, वायर चांगली, वीज बरोबर येतेय. सगळं चांगलं बाजूला गेल्यावर जे उरेल ते बिघडलेलं, इतकी साधी त्यांची रीत.

बेल्ह्याच्या बाजारात जनावरांचा व्यापार करणारे एक गृहस्थ एकदा टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन आले. टेम्पोत दोन शेळ्या आणि त्यांच्या मधोमध पेटी. मुलानं नवीन कार्ड बसवलं होतं आणि तेव्हापासून पडदा काळा. तिघांनी तपासून कार्ड खराब ठरवलं होतं. नाना पेटीच्या पाठीमागे गेले. पडद्याची वायर लावायच्या तिथे दोन जागा होत्या, एक मशिनची स्वतःची आणि खाली नव्या कार्डाची. त्यांना नाना वरचं दार आणि खालचं दार म्हणत. नवं कार्ड बसवलं की वरचं दार आपोआप बंद होतं, पण पोरानं वायर जुन्या, वरच्या दारातच ठेवली होती. नानांनी ती खालच्या दारात लावली आणि चित्र आलं. व्यापारी ओशाळले. "नुसतं दार चुकलं व्हतं पावणं, घर जाग्यावर हाय," एवढंच नाना म्हणाले. शेळ्यांना त्यांनी स्वतःसाठी आणलेली केळी घातली.

त्यांच्या दुकानात 'गेलं' हा शब्द चालत नसे. ते स्वतः म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी म्हणायचा नाही. आणि ते स्वतःसुद्धा सहजासहजी म्हणत नसत. सगळं तपासून झालं, काही उपाय उरला नाही, की ते मुकाट्यानं उठायचे, मोरीत जाऊन साबणानं हात धुवायचे, पंच्याला पुसायचे आणि मग समोर येऊन सांगायचे. नाना हात धुवायला उठले की नेहमीची गिऱ्हाइकं समजून जायची.

मी उतावळी. भाताला एक शिटी झाली नाही तोवर गॅस संपला म्हणणारी. पुढे पुढे माझं कॉम्प्युटर मीच उघडायला लागले, अडलं की नानांकडे जायचे आणि जाताना निकाल ठरवूनच न्यायचे. ते हसायचे. म्हणायचे, "ताईंचा निकाल आधी, तपासणी मागनं." त्यांना मूलबाळ नव्हतं. मी गेले की ते काकूंना घरी फोन करून सांगायचे, ताई आल्यात, जेवायलाच आणतो. माझे वडील लवकर गेले. नाना मला कोण होते हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आता सांगून उपयोग नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना दुकानातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा लोखंडी खाटेवर ते छताकडे बघत पडलेले होते. चेहऱ्यावर काही नाही. माणसं भेटायला यायची, नानांकडे एकदा बघायची आणि काकूंशी बोलायला लागायची. मीही तेच केलं. त्यांच्या उशाशी बसून मी काकूंना विचारलं, "कळतं का हो त्यांना काही?" काकू म्हणाल्या, डॉक्टरांनी काही नक्की सांगितलं नाही. त्यांना तसंच सोडून मी जावेचा फोन घेतला. ती विचारत होती कसे आहेत. मी खाटेपासून हातभर अंतरावर उभी राहून म्हणाले, "कसले कसे? गेल्यातच जमा. पडून आहेत नुसते." नानांचे डोळे छताकडेच होते.

तशा मी पाच-सहा खेपा केल्या. दर वेळी केळी नेली आणि दर वेळी काकूंशीच बोलून परत आले.

दसऱ्याच्या आधी माझा पडदा पुन्हा काळा झाला. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता. खोडरबर मारून झालं. वायर कार्डातून काढून मशिनच्या वरच्या दारात लावून पाहिली, तरी काही नाही. कार्डच असणार, पण खात्री करायला दुसरं चालू कार्ड हवं. नानांचं तपासणीचं कार्ड काकूंनी घरी ट्रंकेत ठेवलं होतं. मी पेटी घेऊन ओतूरला गेले. नानांच्या खोलीतच टेबल होतं, नानांचा पडदाही तिथेच होता, म्हणून तिथेच मांडलं. माझं कार्ड काढलं, त्यांचं बसवलं, वायर लावली. काळं. परत बसवलं. काळंच. मी काकूंना म्हणाले, आता आतला मुख्य बोर्डच गेला, सगळंच संपलं.

खाटेच्या लोखंडावर टकटक झाली.

नानांचा डावा हात खाटेच्या कडेला होता आणि नखानं ते लोखंड वाजवत होते. काकू म्हणाल्या, "त्ये सोडा वो. दिसभर चालतं त्यांचं. हाताला सवय लागलीया." टकटक थांबेना. मी वळून पाहिलं. नाना छताकडे बघत नव्हते. ते माझ्या पेटीच्या पाठीमागे बघत होते. मी पेटी फिरवली. घरी शेवटी वायर वरच्या दारात लावली होती, इथेही मी तिथेच लावली होती. कार्ड खाली आणि वायर वर. बेल्ह्याच्या पोराची चूक, बारा वर्षं शिकून मी केली होती. वायर खालच्या दारात घातली आणि पडदा उजळला. माझं कार्ड मेलं होतं, बाकी सगळं ठणठणीत होतं.

टकटक थांबली.

दिवसभर चालतं, काकू म्हणाल्या होत्या. चार महिने तो माणूस लोखंड वाजवत होता आणि आमच्यापैकी एकानंही त्याला विचारलं नव्हतं. मी खाटेजवळ खाली बसले. म्हटलं, "नाना, हो असेल तर एकदा वाजवा. मी बोलतेय ते कळतंय?" एक टक. काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "सगळं कळतंय? पहिल्यापासून?" एक टक. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबले नाही.

"मी जावेला फोनवर म्हणाले, ते ऐकलं होतं?"

नाना माझ्याकडे बघत होते. मग एकदा वाजलं, अगदी हळू.

मी त्यांचा हात धरून रडले. माफी मागितली. त्यावर त्यांनी काही वाजवलं नाही. नखानं काय काय सांगता येणार होतं? बोटं मात्र माझ्या हातातून काढून घेतली नाहीत. राग होता की नव्हता, मला अजून माहीत नाही.

त्यानंतर घर बदललं. काकू उठता-बसता विचारायला लागल्या. चहा ठेवू का, खिडकी लावू का, वांग्याची भाजी चालंल का. हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन. वांग्याला नेहमी दोन यायचे. पस्तीस वर्षं मुकाट्यानं खाल्लेलं वांगं नानांना आवडत नव्हतं, हे काकूंना तेव्हा कळलं. त्या हसायच्या आणि पदरात तोंड घालून रडायच्या. मी एक दिवसाआड जायचे, बिघडलेल्या पेट्या उघडून त्यांच्यापुढे ठेवायचे. असा जेमतेम दीड महिना मिळाला.

एका सकाळी काकूंच्या शेजाऱ्यांचा फोन आला, तशी मी दिरांना मागे बसवून स्कूटीवर निघाले. पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते, अंगणात माणसं जमली होती. कुणीतरी सुटले बिचारे म्हणालं. काकू आत खाटेवर बसल्या होत्या. नानांचा डावा हात त्यांनी लोखंडाच्या कडेवर ठेवलेला होता. माझे दीर पुढे होऊन त्यांना आवरायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"कुनी काय म्हनू नका," त्या म्हणाल्या. "आधी मला इचारू द्या."

मग वाकून नानांच्या कानाशी म्हणाल्या, "अवो, च्या ठेवू का?"

त्या थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. खिडकी लावू का, असं विचारलं. परत थांबल्या. तिसऱ्यांदा विचारलं ते मला ऐकू आलं नाही, इतकं हळू होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो हात उचलून नानांच्या छातीवर ठेवला. उठल्या, मोरीत गेल्या, साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले. मग बाहेर आमच्यापुढे येऊन त्यांनी सांगितलं.