तोंडात खिळे धरून गायलेले गाणे

काही माणसांना परमेश्वर गळा देतो, काहींना शब्द देतो. आणि काहींवर त्याची माया अशी विलक्षण असते, की त्यांच्या गालात मूठभर खिळे भरून तो त्यांना आयुष्यभर गप्प बसवतो. आपल्या कथेतला माणूस या तिसऱ्या भाग्यवंतांपैकी. धंदा सोफे आणि खुर्च्या भरण्याचा. दुकान रस्त्याच्या वळणावर, दार अरुंद, आत फोमचे थर, काथ्याचे गोळे, स्प्रिंगांची वेटोळी, आणि खिडकीपाशी शिलाईच्या यंत्रावर खोळी शिवत बसलेली त्याची बायको.

हा धंदा जुन्या रीतीने शिकलेल्या माणसाचा एक हात कापड ताणण्यात गुंतलेला असतो, दुसरा हातोडीत. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. डाव्या गालात बारीक खिळ्यांची मूठ कोंबायची, जिभेने एकेक वळवून ओठांवर आणायचा, चुंबक लावलेल्या हातोडीने तो ओठांवरून अलगद उचलायचा, आणि ठक्! पुन्हा जीभ, पुन्हा ओठ, पुन्हा ठक्! दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत हे चाले. साऱ्या गल्लीने त्याचे नाव मौनीबाबा ठेवले होते.

"तुमचे हे बोलत का नाहीत हो?" असे एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने विचारले, की बायको यंत्राचा पायटा न थांबवता म्हणे, "बोलतात ना. खिळे संपले की."

हे दुकान पूर्वी दोघा भावांचे होते. थोरला दादा आणि धाकटा मौनीबाबा. त्यांच्यासारखा एकोपा त्या गल्लीत दुसरा नव्हता. आया आपल्या भांडणाऱ्या लेकरांना दुकानापाशी आणून दाखवीत, "बघा, भाऊ कसे असावेत!" लेकरे बघत. समोरासमोर दोन भाऊ, दोन फुगलेले डावे गाल, आणि अखंड शांती. या शांतीचे खरे कारण भगवंताला ठाऊक होते आणि घरातल्या दोन जावांना. दोघांच्या तोंडात खिळे होते; भांडणार कशाने?

मग एके दिवशी दादाने हवेच्या दाबावर पिना मारणारी गन आणली. सोबत धडधडणारा कंप्रेसर. काम झपाट्याने होऊ लागले, आणि दादाचे तोंड रिकामे झाले. रिकाम्या तोंडाने तो पहिले वाक्य बोलला ते असे: "तुझा हा कोपरा वाकडा आहे." तो कोपरा इतकी वर्षे वाकडाच होता, पण आजवर खिळ्यांनी त्याची अब्रू राखली होती. धाकट्याने आपले खिळे ओंजळीत काढले आणि म्हटले, "बंदूक घेऊन फिरणाऱ्यानं मला कोपरा शिकवू नये." कोपऱ्यावरून गोष्ट वडिलांच्या रीतीवर गेली, वडिलांवरून वहिनीवर गेली, आणि वहिनीवरून कंप्रेसर थेट हातगाडीवर गेला. दादाने गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे दुकान थाटले. निघताना तो एवढेच म्हणाला, "माझी खुर्ची नंतर नेतो."

वडिलांनी दादासाठी स्वतःच्या हाताने भरलेली ती खुर्ची दाराजवळ उभी होती. ती नेण्यास दादा आला नाही. ती पोचवणे म्हणजे धाकट्याने नमते घेणे. ती टाकून देणे म्हणजे वडिलांना टाकून देणे. म्हणून ती तिथेच राहिली, आणि येताजाता पायात येऊ लागली. दादाची आठवण येऊन मस्तक तापले, की मौनीबाबा दुसरे काही न करता त्या खुर्चीवर फोमचा एक थर आणि नवे कापड चढवीत. रागाचा झटका, की एक थर. वर्षे लोटली. खुर्चीचे हात दाढ सुजलेल्या माणसाच्या गालासारखे झाले. पाठ अशी फुगली, की तिच्यापुढून जाणारा माणूस पोट आत घेऊनच जाई.

आणि जाता-येता ते पुटपुटत. बंद ओठांमागे, खिळ्यांच्या फटीतून, हातोडीच्या तालावर:

दारात तुझी खुर्ची, मला जायला वाट नाही,
मी झाडतो, मी पुसतो, मी काही तुझा भाट नाही.
घेऊन जा रे, घेऊन जा!

आणि मग आवाज खाली आणून, जणू स्वतःलाही कळू नये असा, चौथा चरण: नाहीतर येऊन बस.

हा चौथा चरण बायकोला समजत असे. पण तिने तो समजल्याचे कधी दाखवले नाही. संसारात काही गोष्टी न ऐकल्यासारख्या ऐकाव्या लागतात.

दुकानाची मागची खोली एका रॉक बँडने सरावासाठी घेतली होती, कारण चहूकडे फोमच्या गाद्या. केवढाही गोंगाट करा, शेजाऱ्याला ढेकरही ऐकू जाऊ नये. गिटार वाजवणारी शिकवणीची गणितबाई, ड्रम बडवणारा बेकरीतला भट्टीवाला, आणि लांब केसांचा, नाजूक गळ्याचा एक गायक. त्यांचे संगीत सरळ नव्हते. गिटारचा नीट निघणारा आवाज आधी खपून फाडायचा आणि मग तो फाटला म्हणून आनंद मानायचा, अशी त्यांची उपासना होती. ‘अल्टरनेटिव्ह’ असे ते तिला म्हणत. मौनीबाबांची बायको म्हणे, "यंत्रात दोरा अडकला की माझ्याकडेही होतं हे."

रेकॉर्डिंगच्या दिवशी गायकाने आइस्क्रीम खाल्ले आणि त्याचा गळा बसला. यंत्रे घेऊन आलेला ध्वनिमुद्रक कपाळाला हात लावून बसला. "गाणारा येईल तेव्हा येईल, निदान माईक तपासायला तरी कुणी काही म्हणा हो!"

गणितबाईने बाहेर येऊन मौनीबाबांना हाताला धरून आत नेले. "काका, काहीही म्हणा. दोन ओळी."

तोंडातले खिळे काढावेत तर ते पुन्हा भरण्याचा त्रास. त्यांनी विचार केला, चटकन म्हणावे आणि सुटावे. हातोडीने फळीवर ठेका धरून, आतून दिसणाऱ्या दाराकडच्या त्या फुगलेल्या खुर्चीवर नजर रोखून, त्यांनी आपले रोजचे गाऱ्हाणे सुरू केले. आवाज दाबलेला, दातांवर घासलेला, लोखंडाचा वास असलेला. भट्टीवाल्याला राहवेना, त्याने ठेका उचलला. गणितबाईने गिटार फाडली. चौथा चरण आला तो ‘हं हं-हं-हं हं’ असा घशातच विरला, आणि ठक् करून हातोडी पडली. ध्वनिमुद्रकाने यंत्र बंद केले नव्हते, हे त्याचे पूर्वपुण्य.

"काका, काय होतं हे?" गणितबाईने विचारले.

"हं हं," मौनीबाबा म्हणाले.

"रोजचंच आहे म्हणतायत," बाहेरून बायकोने उलगडा केला.

पुढे जे घडले त्याला कृपा म्हणावे की लीला! ते गाणे फोनाफोनांतून फिरले, रेडिओवर गेले, सलूनात वस्तऱ्याबरोबर चालू लागले. एका कचेरीत सगळ्यांनी ते निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोपाला म्हटले, आणि साहेब अश्रू पुसत खरोखरच खुर्ची घेऊन गेले. जाणकारांनी लिहिले, की एवढा कोंडलेला आक्रोश आजवर कोणत्याही कंठातून उमटला नाही. तरुण पोरे आरशापुढे गाल फुगवून सराव करू लागली. चौथ्या चरणाचे शब्द कोणाला कळत नव्हते, म्हणून सारे जग तो नुसता गुणगुणे. ‘हं हं-हं-हं हं!’

मुलाखतीत एका बाईंनी विचारले, "या आवाजामागे कोणती साधना आहे?" त्यांनी जिभेने एक खिळा ओठांवर आणून दाखवला. लोकांना तो विनय वाटला.

पण या सगळ्या कौतुकात त्यांचे चित्त नव्हते. दुकानासमोर गाडी थांबली, की त्यांची हातोडी हवेतच थांबे. चाहता उतरला, की ती निराश होऊन खाली येई.

"कुणाची वाट बघताय?" बायकोने एकदा विचारले.

खिळे ओंजळीत आले. "कुणाची नाही."

"मग दाराकडे तोंड करून का बसलाय? उजेड तर खिडकीतून येतो."

"बसायची सवय."

"भाऊजींना एक फोन करा. जीभ झिजणार नाही."

"मी का करू? सगळ्या जगाला सांगून झालंय. त्याला एकट्याला वेगळं काय सांगायचं?"

"सगळं जग तुमचा दादा नाही हो," ती म्हणाली, आणि तिने यंत्राचे चाक जोरात फिरवले.

मग मोठा जलसा ठरला. गाण्याच्या कंपनीचे साहेब स्वतः आले. खुर्ची रंगमंचावर हवी, असा त्यांचा हट्ट. हमालांनी ती उचलली, आडवी केली, उभी केली, तिरपी केली. खुर्ची दारातून निघेना.

"चौकट काढू," साहेब म्हणाले.

"वडिलांनी बसवलीय."

"मग खुर्ची थोडी सोलू. कात्री आणा रे!"

मौनीबाबा खुर्चीपुढे आडवे झाले. "हिला कात्री लागेल ती दादासमोर." परक्यांपुढे त्या वर्षातले ते त्यांचे सर्वांत लांब भाषण होते.

जलशाला भाड्याची खुर्ची गेली. कंपनीच्या डॉक्टरांनी खिळ्यांनाही मनाई केली. एखादा पोटात गेला तर? धुतल्या तोंडाने मौनीबाबा उभे राहिले आणि त्यांच्या मुखातून शाळेतल्या प्रार्थनेसारखा स्वच्छ, गुळगुळीत स्वर निघाला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तीन चरण कसेबसे झाले. चौथा आला, आणि त्यांचे तोंड उघडले ते उघडेच राहिले. आडोसा नव्हता. मोकळ्या तोंडाने, भरल्या सभेत, ‘येऊन बस’ हे दोन शब्द त्यांच्याने म्हणवेनात. हजारो लोकांनी तो चरण त्यांच्यासाठी गुणगुणला, आणि त्यांनी मान खाली घातली.

त्यानंतर कंपनीने दुसरे गाणे करवले. ते एका डुगडुगत्या स्टुलाविषयी होते. भट्टीवाल्याच्या आईलासुद्धा ते आवडले नाही. हळूहळू पहिलेही ओसरले. सलूनात दुसरे सूर लागले. साहेबांचा फोन थांबला. मौनीबाबांनी पुन्हा गाल भरले. दार तेच, खुर्ची तीच, वाट तीच.

आणि दादा? जगाने ऐकले, मग त्यानेच कसे ऐकले नाही? अहो, ऐकणार कसा! त्याच्या दुकानात दिवसभर कंप्रेसरची धडधड आणि गनची खटखट. त्याची बायको जेवायला हाक मारी तीही त्याला खुणेने कळे. गाणे त्याच्या दारावरून कितीदा गेले असेल, कोण जाणे!

पण भगवंताला घाई नसते. एका दुपारी दादाचा कंप्रेसर जळाला. दुकानात अशी शांतता पसरली, की दादा घाबरून बाहेर आला. शेजारच्या चष्मेवाल्याकडे रेडिओवर विसरलेल्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. दादा थबकला. लाखो लोकांनी त्या आवाजात आक्रोश ऐकला होता, विद्रोह ऐकला होता, प्रेमभंग ऐकला होता. दादा ऐकून एवढेच म्हणाला, "याच्या तोंडात खिळे आहेत. डाव्या गालात." आणि चौथा चरण आला, तेव्हा तो चष्मेवाल्याच्या पायरीवर बसला. खिळ्यांनी तोंड भरून बोलायची भाषा ज्याने अर्धी हयात बोलली, त्याला ‘हं हं-हं-हं हं’ म्हणजे काय ते कोणी सांगायला हवे?

संध्याकाळच्या आत टेम्पो दारात उभा राहिला. खाली उतरून दादा गरजला, "गावभर बोंब मारलीस ना, खुर्ची घेऊन जा म्हणून? आलोय न्यायला!"

मौनीबाबांच्या ओठांवरचा खिळा खाली पडला. बायकोने शिलाई थांबवली, पदर सावरला आणि दाराकडे न बघता म्हटले, "या भाऊजी. पोट आत घेऊन या, नाहीतर अडकाल."

दादाने खुर्ची पाहिली आणि त्याचे डोळे विस्फारले. "ही माझी? हिला काय खायला घालत होतास?"

"राग," बायको म्हणाली.

खुर्ची दारातून जाईना, हे दादालाही खटपटीअंती पटले. मग दोघे भाऊ जमिनीवर बसले, कात्र्या घेतल्या आणि थर सोलू लागले.

"हे हिरवं कधीचं?"

"तुझ्या मुलीच्या लग्नाला आम्हाला बोलावलं नाहीस तेव्हाचं."

"तुझ्या वहिनीनं फोन केला होता. तू उचलला नाहीस."

"तोंडात खिळे होते."

"आणि हे चट्टेरीपट्टेरी?"

"तू आजारी पडलास आणि मला परक्याकडून कळलं."

त्यापुढचे थर दादाने न विचारताच सोलले. सरतेशेवटी फोमच्या ढिगातून वडिलांच्या हातची ती बारीक, सडपातळ खुर्ची बाहेर आली. आता ती दारातून सहज गेली असती. टेम्पो उभाच होता.

दादा उठला. खुर्चीवर हात ठेवून म्हणाला, "गाण्यात आणखी एक ओळ आहे. ती म्हण, मग नेतो."

"कुठली?"

"मला बनवू नकोस. चौथी."

मौनीबाबांनी तोंड उघडले. जलशात झाले तेच झाले. बायकोने उठून खिळ्यांचा डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मूठ भरली, डावा गाल भरला, मान खाली घातली आणि म्हटले, "हं हं-हं-हं हं."

दादा बसला. बसताच ताडकन उठला.

"स्प्रिंग बोचतेय की रे गाढवा!"

"हं."

"तू भरू नकोस, कोपरा वाकडा करशील. आण ते खिळे इकडे."

गनने बिघडवलेल्या जिभेला जुनी कला एकदम जमेना. पहिलाच खिळा टोकाकडून ओठांवर आला आणि दादा विव्हळला. धाकट्याचे खांदे हसून हलले. मग दोघांचेही डावे गाल भरले, आणि ठक् ठक् सुरू झाले. बाहेर टेम्पोवाल्याने चारदा भोंगा वाजवला आणि पाचव्यांदा तो निघून गेला.

मागच्या खोलीतून गणितबाई माईक घेऊन धावत आली. "काका, थांबा! आता दुसरं गाणं होणार, मला दिसतंय!" कानाला यंत्र लावून ती ऐकत राहिली. एक भाऊ एका सुरात गुणगुणत होता, दुसरा भलत्याच. गाऱ्हाणे कोणाचेच नव्हते. तिने उसासा टाकून माईक बंद केला.

"राहू दे गं बाई," यंत्राच्या पायट्यावर पाय ठेवत बायको म्हणाली. "किती वर्षांनी दोघं गप्प बसलेत."