मामांची उजवी चप्पल

नाथाजी हे माझे सासरे. आमच्याकडं सून सासऱ्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. फलटणमधली निम्मी माणसं मात्र त्यांना मास्तर म्हणतात. सतरा वर्षं त्यांनी फौजेत ट्रक चालवला, मग पेन्शनीवर येऊन एक जुनी मारुती घेतली आणि ड्रायव्हिंग स्कूल काढलं. गाडी ते शिकवतात. फॉर्म भरणं, कॉम्प्युटरवरच्या परीक्षेची तयारी करून घेणं आणि नापास झालेल्यांची तोंडं बघणं, हे खातं माझ्याकडं.

आणि तोंडं मी भरपूर बघितली. पंधरातले नऊ बरोबर आले की पास, एवढं सोपं! पण आमची माणसं पुस्तकातलं उत्तर देतच नाहीत, गावातलं देतात. अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर काय कराल? म्हणे, लाइट मारून आपण आधी घुसायचं. दवाखान्यासमोर हॉर्न वाजवावा का? एका दूधवाल्यानं बिनधास्त 'वाजवावा' निवडलं. का, तर वॉचमन त्याशिवाय गेट उघडत नाही. अशा माणसावर चिडण्यात अर्थ नसतो, तरी मी चिडते.

हरणाबाईंवर मात्र चिडायची वेळ आली नाही. त्या पूर्वेकडच्या कोरड्या गावातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, चाळिशीच्या बाई. समोर जनावरांचा कळप आला तर काय कराल, या प्रश्नाला बाकीचे हॉर्न वाजवतात. बाईंनी 'गाडी थांबवावी' निवडलं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मेंढरं माजीच आसनार की वं!"

त्यांना लायसन हवं होतं ते पिकअपसाठी. दिवाळी झाली की त्यांचा कळप कोयनानगरवरून घाट उतरून कोकणात जातो. त्यांचे मालक, म्हणजे नवरा गुंडा, मेंढरांबरोबर चालतात. तान्ही कोकरं घोड्याच्या पाठीवर नाहीतर बायकांच्या कडेवर. मागल्या वर्षी वाटेतल्या थंडीनं नऊ कोकरं गेली. म्हणून यंदा जुनी पिकअप घेतली, पण ठेवलेला ड्रायव्हर महिनाभरात पळाला. "कोकरं ह्या साली मीच नेनार," बाई म्हणाल्या. पदर खोचून त्या मारुतीत बसल्या आणि बावीस दिवसांत अशी गाडी चालवायला लागल्या की मामा जेवताना त्यांचंच कौतुक सांगत बसायचे.

आणि अशा या बाई गाडी चालवायच्या परीक्षेत नापास झाल्या. एकदा नाही, दोनदा. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची असते. तिथं गाडी सरळ मागं आली. दुसऱ्या वेळी तर मागच्या खांबाला जाऊन टेकली. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "बाई, ब्रेक कुठं असतो एवढं तरी शिकवलंय का कुणी?"

ते वाक्य मामांच्या वर्मी लागलं. "माज्यासंगं येकदाबी गाडी मागं आली न्हाई," घरी येईपर्यंत ते तेवढंच म्हणत राहिले. "येकदाबी न्हाई, सोनिया." पुढची तारीख आठ दिवसांनी होती आणि दहाव्या दिवशी कळप हलणार होता. कळप काही लायसनसाठी थांबत नाही.

त्याच संध्याकाळी मामांच्या उजव्या चपलेचा तळ फाटला. मी जोड कोपऱ्यावरच्या अर्जुनाकडं शिवायला नेला. त्यानं उजवी उलटीपालटी करून विचारलं, "मास्तर लंगडत्यात का वं वैनी? दर सा म्हैन्याला उजवीच फाटती. डावी बघा की, नवी हाय अजून."

मी तिथंच उभी राहिले. संध्याकाळी मामा उजवा गुडघा शेकायला गरम पाणी मागतात. मी म्हणायची, वय झालं. पण दिवसभर नुसतं शेजारी बसणाऱ्या माणसाचा एकच गुडघा कसा दुखेल? शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, अडीअडचणीसाठी.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर बसले. कालव्याच्या चढाला लागलो. हरणाबाईंचा पाय ब्रेककडं जायच्या आधीच मामांचा पाय खाली गेला होता. गतिरोधकाला तेच, कुत्रं आडवं आलं तिथंही तेच. गाडी बाई चालवत होत्या, थांबवत होते मामा. आजवर त्यांची किती माणसं त्या चढावर नापास झाली, ते मला आठवायला लागलं.

घरी आल्यावर माझा तोल गेला. "मामा, तुमच्या हरणाबाईंना ब्रेक मारायला येत न्हाई. तुमी कवा मारूच दिला न्हाई त्यास्नी!"

मामांनी शिवून आणलेली चप्पल हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "भ्या वाटतं गं पोरी. कुनाला काय लागलं तर?" रात्री जेवले नाहीत. मला माझ्याच जिभेचा राग आला, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मीही ताटावर नुसती बसून राहिले.

सकाळी मामा गाडीत बसले, चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"पाय दुखत्यात का वं मास्तर?" हरणाबाईंनी विचारलं.

"व्हय. तुमी चालवा."

कालव्याच्या चढावर पुढं उसाची ट्रॉली थांबली. आमची गाडीही थांबली आणि हातभर मागं घसरली. मामांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे आवळून धरले, डोळे मिटले. मग हरणाबाईंचा पाय ब्रेकवर बसला. गाडी जागेवर थांबली. बाई घामानं निथळत म्हणाल्या, "आजवर ही आपोआप थांबत हुती व्हय?" पुढचे पाच दिवस मामांनी त्यांना त्याच चढावर नेलं, रोज मांडी घालूनच.

तिसऱ्या परीक्षेला मामा आणि मी मैदानाच्या कडेला उभे होतो. गाडी चढावर थांबली. मामांनी माझा दंड घट्ट धरला आणि त्यांचा उजवा पाय मातीत रुतायला लागला. 'मामा, पाय!' असं मी म्हणणार होते, तर माझाही पाय मातीत दाबलेला. गाडी वीतभरसुद्धा मागं न येता पुढं निघाली.

पास झाल्यावर हरणाबाई धावतच आल्या. "मास्तर, चढावर मला वाटलं, तुमी शेजारीच बसलाय."

"न्हवतो," मामा म्हणाले. "तुमी येकट्याच हुता." आणि त्यांनी तोंड फिरवून टॉवेलनं डोळे पुसले. फौजेतल्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

परतीला गाडी हरणाबाईंनीच घेतली. मामा स्वतःहून मागं जाऊन बसले, म्हणून शेजारी मी बसले. पायाशी तो ब्रेक होता. मी चपला काढल्या आणि मांडी घातली. कालव्याचा चढ आला तेव्हा मागं वळून बघितलं, तर मामा तोंड उघडं टाकून घोरत होते.