मधल्या पाण्यातला मंगू

विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणारा हरिचंद्र व्हिडिओ भाड्याने लावायचा. तेव्हा दिवसच असे आले होते की हळदीला एकवेळ नवरा उशिरा आला तरी चालेल, पण व्हिडिओ वेळेवर पाहिजे. रंगीत टीव्ही गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन हरिचंद्र बदलापूरच्या अंगाला गावोगाव फिरायचा. कॅसेटी आणायचा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून. त्यातलीच एक कॅसेट त्याच्या नशिबाला चिकटली.

सिनेमा होता मंगू नावाच्या नावाड्याचा. ऐन पुरात मंगू आपल्या दुश्मनाचं पोर होडीत घालून निघतो, होडी नदीच्या मध्यावर येते, भोवऱ्यात गरकन फिरते आणि कॅसेट संपते. सिनेमाच कॅसेटीपेक्षा लांब होता. हरिचंद्राने तक्रार केली तर दुकानदार म्हणाला, "साईं, इतना तो देख लिया ना? आगे पानी ही पानी है."

पण पैसे मोजलेलं गाव असं ऐकतं होय? मग हरिचंद्र स्वतः टीव्हीपुढे उभा राहून पुढची गोष्ट सांगू लागला. गोष्ट त्याची नव्हती, त्यामुळे शेवट सढळ हाताने वाटायचा.

उल्हास नदीपलीकडच्या त्याच्या मूळ गावी गणपतीत व्हिडिओ लागला. त्या गावाला रडायला आवडतं, म्हणून त्याने मंगूला बुडवला. बायाबापड्या हमसून हमसून रडल्या. गोजरबाई त्या दिवशी जेवलीच नाही. ती गावची धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी. तिच्या गाण्यावाचून आगऱ्यांचं लग्न पुढे सरकत नाही, त्यामुळे तिच्या उपासाला वजन होतं.

पुढे सोनिवलीला भगवंताच्या थोरल्या मुलीची हळद होती. हळदीत मुडदा कसा पाडणार? तिथे हरिचंद्राने मंगूला पोरासकट सुखरूप काठाला लावला. मांडवाने शिट्ट्या मारल्या. फक्त भगवंताची धाकटी, चंद्री, सरबताचे पेले गोळा करता करता थांबली. "आनि होडीचा काय झाला?"

इतक्या गावांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परतीच्या वाटेवर हरिचंद्र होडीचा विचार करत राहिला, मग विचारणारीचा, आणि विठ्ठलवाडी येईतो होडी पार विसरून गेला. त्याच्या आईने, वेणूबाईने, पुढच्याच महिन्यात मागणी घातली. भगवंताने होकार दिला. इथवर सगळं झकास होतं.

लग्न सोनिवलीला, संध्याकाळचं. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी धवलारीण दोन्ही घरांचे देव आणि मेलेले वाडवडील नाव घेऊन मांडवात बोलावते. जित्यांना आमंत्रण द्यायला माणसं जातात, मेलेल्यांना गाणं जातं. मुलाकडून आलेल्या गोजरबाईने हरिचंद्राचा आजा बोलावला, बाप बोलावला आणि त्याच सुरात पुढे गाऊन गेली, "ये रं मंगू भाऊ, ये मांडवाला!"

"थांबा!" भगवंताच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. "कोन मंगू?"

"नावारी. बुरालेला," गोजरबाई म्हणाली.

"बुरालेला? माझे थोरलीचे हळदीला तो काठाला लागलाय! जित्त्या मानसाला मेलेल्यांत बोलावता, ते पन माझे मांडवान?"

झालं! मुलाकडचे उठले. आम्ही त्याच्यासाठी रडलो ते काय फुकट? एकाने तर पितृपक्षात मंगूच्या नावाने कौलावर वडा ठेवला होता आणि तो कावळ्याने उचलला होता. याहून मोठा पुरावा तो कोणता? मुलीकडचे म्हणाले, कावळा कुणाचाही वडा नेतो. मधे अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात भरून आले, पण खाली घ्यायची कुणाची छाती नव्हती.

"तूच बोल," भगवंत हरिचंद्राला म्हणाला. "जित्ता का मेला? ज्याचा सबूद एक नाय, त्याला मी पोर देनार नाय."

हरिचंद्राची इकडे आड तिकडे विहीर झाली. मेला म्हणावं तर सासरा हातचा जातो, जिता म्हणावं तर गोजरबाई गायची नाही. शेवटी कुणीतरी लग्नासाठी आणलेल्या व्हिडिओवर तीच कॅसेट लावायला लावली. सगळं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून टीव्हीपुढे बसलं. होडी मध्यावर आली, गरकन फिरली आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्यांकडेही लोक बराच वेळ आशेने बघत होते.

तेव्हा अंतरपाटामागून चंद्री बोलली. "मी तवाच विचारला होता, होडीचा काय झाला. शेवट कुनी बघितलाच नाय, तं तो मेला कसा नि वाचला कसा? तो मदीच हाय. मदल्या पान्यात."

गोजरबाई विचारात पडली. अशा पाहुण्याला बोलवायचं गाणं तिच्या सासूनेही तिला शिकवलं नव्हतं. मग तिने सरळ उल्हास नदीलाच मांडवाला बोलावलं आणि येताना अंगावर कोणी असेल त्यालाही घेऊन ये म्हणाली. यात कुणालाच खोट काढता येईना.

भगवंत नमला, पण अट घालून. "ज्या दिशी शेवट कलंल, त्या दिशी दोनपैकी एक गाव खोटा परंल. त्या दिशी पोरीला परत नेईन." हरिचंद्र हो म्हणाला. त्या घडीला तो कशालाही हो म्हणाला असता.

संसार छान झाला. चंद्रीवाचून हरिचंद्राला घास जात नसे आणि हे तो चाळीत कुणालाही सांगे. नव्वदीनंतर घरोघर केबल आली, व्हिडिओचा धंदा बसला आणि तो केबलच्या वायरी ओढू लागला. अशात एका रविवारी केबलवर मंगूचा सिनेमा लागला. पुरा.

हरिचंद्राने आधी घरची वायर उपटली. चंद्री कपड्यांचं गाठोडं बांधू लागली. बाप शब्दाचा किती पक्का, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? हरिचंद्र रिक्षा करून सोनिवलीला धावला. वाटेतल्या खिडक्याखिडक्यांतून पुराचा आवाज येत होता. आपण मंगूला त्या एका गावातही मारायला नको होतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

भगवंत ओटीवर बसला होता. मांडीवर कोयता, टीव्हीत मुंग्या आणि पायाशी केबलचे दोन तुकडे.

"मामा, काय झाला?"

"भोवरा आला नि तोरली," भगवंत दुसरीकडे बघत म्हणाला. "शेवटपरयंत बघाचा ठरवला होता. मंग तुझा तोंड आठवला." मग एकदम खेकसला, "उद्या जोरून दे. फुकट!"

हरिचंद्र घरी पोचला तेव्हा चंद्री दारातच गाठोडं घेऊन बसली होती.

"होडी मदीच हाय," तो म्हणाला.

तिने गाठ सोडली आणि कपडे फळीवर परत ठेवायला घेतले. गाठोड्यात वर तिच्या दोन साड्या होत्या. खाली घड्या घालून ठेवलेले सगळे सदरे त्याचे होते.